दक्षिणेकडचा दिवा

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आमच्या दारात एक दिवा जगावेगळा लागतो. बाकीच्या पणत्या तुळशीकडे, देवाकडे, रस्त्याकडे पाहत असतात. हा एकटा दक्षिणेकडे तोंड करून बसतो. कणकेचा, ओबडधोबड, बोटांचे ठसे उमटलेला. आमची सौ. तो उंबऱ्याबाहेर ठेवते, हात जोडते आणि मागे वळून न पाहता घरात येते. यमराजासाठी वर्षातून एकदा एवढे केले म्हणजे झाले, असा तिचा हिशेब.

गेल्या धनत्रयोदशीला ती अशीच आत आली आणि मी, नको त्या वेळी नको ते बोलण्याच्या माझ्या जन्मजात सवयीप्रमाणे, म्हणालो, "दिवाळी झाली की मृत्युपत्र करून टाकावे म्हणतो."

"अहो, सणासुदीचे काय हे बोलणे!"

"आत्ता तू यमाला दिवा दाखवलास, तो काय फराळाला बोलावण्यासाठी?"

"दिवा दाखवला तो त्याने येऊ नये म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही तर त्याला पत्र धाडायला निघालात."

यावर मला उत्तर सुचले नाही. लग्नाला सत्तेचाळीस वर्षे झाली. न सुचण्याची सवय आहे. पण रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या मनात आले की, आपली ही दिवाळी वरवर लाडू-करंज्यांची दिसते, पण तिच्या दोन्ही टोकांना यमच उभा आहे. सुरुवातीला हा दक्षिणेकडचा दिवा आणि शेवटी यमद्वितीया, म्हणजे यम आपल्या बहिणीच्या घरी जेवायला गेला तो दिवस. मध्ये लक्ष्मीपूजनाला व्यापारी वह्यांची पूजा करतात. म्हणजे आपल्या पूर्वजांनी हा सारा मामला एकाच आठवड्यात बसवला होता: मृत्यू, हिशेबाची वही आणि बहीण. आम्ही त्यातले लाडू तेवढे उचलले.

मृत्युपत्राचा विषय माझ्या डोक्यात आला तो काही आजारपणाने नव्हे. तो आला अण्णांमुळे. आणि अण्णांना जाऊन आता चोवीस वर्षे झाली.

आमचे गाव नेवासे तालुक्यात, प्रवरेच्या काठी. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली तो तालुका, त्यामुळे अक्षराचा अभिमान आमच्याकडे जरा अधिकच. अण्णा प्राथमिक शिक्षक. त्यांची सही म्हणजे गावात पाहण्याची वस्तू होती. आधी बोरू, मग टाक, मग शाईचे पेन. साधन बदलले तरी वळण तेच. पंचनाम्यावर पंच म्हणून त्यांची सही घ्यायला लोक मुद्दाम येत. कागदाला शोभा येते म्हणत. पगारातून आणि शिकवण्यांतून पैसा पैसा साठवून त्यांनी सहा एकर जमीन घेतली. वडिलार्जित नव्हे, स्वकष्टाची. हा फरक कायद्यात फार मोठा आहे, हे मला पुष्कळ पुढे कळले.

आम्ही तिघे: आक्का, दादा आणि मी. आक्का विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली आणि मागच्या खोलीत राहिली. आई गेल्यावर घर तिनेच धरले. 1997 च्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुपारी, अण्णा ओट्यावर बसले होते. जवळ मी एकटाच होतो. ते म्हणाले, "विहिरीकडचा तुकडा आणि मागची खोली आक्काची. दिवाळी झाली की कागद करून टाकू."

दिवाळी झाली. मग उसाची तोड आली. मग माझ्या शाळेच्या सहामाही परीक्षेचे पेपर आले. फेब्रुवारीत, अंगणात तोंड धुताना, अण्णा खाली बसले ते पुन्हा आपल्या पायांवर उभे राहिले नाहीत. उजवे अंग गेले, वाचा गेली आणि डोळ्यांतली ओळखही कधी असे, कधी नसे.

औषधोपचाराला पैसे लागले. पैसे होते, अण्णांच्याच नावावर मुदत ठेवीत होते. माझ्याकडे त्यांचे कुलमुखत्यारपत्र होते. तीन वर्षांपूर्वी एका बांधाच्या भानगडीत त्यांनी ते मला रीतसर करून दिले होते, आणि अशा वेळेसाठीच हा कागद असतो या समजुतीने मी तो घेऊन नगरला गेलो. (आता अहिल्यानगर म्हणायचे. 2024 पासून सरकारी कागदावर तेच नाव आहे आणि चौंडीची लेक आमच्याच जिल्ह्याची, तेव्हा आनंदच आहे. पण जुनी जीभ वळायला वेळ लागतो.) कोर्टाजवळ एका वृद्ध वकिलांना कागद दाखवला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि परत माझ्या हातात ठेवला.

"गुरुजी, हा कागद तुमच्या वडिलांच्या बुद्धीबरोबर झोपला."

मला वाटले ते थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. आपला करारांचा कायदा 1872 चा. त्याचे म्हणणे असे की, मुखत्यार हा मालकाचा हात आहे, आणि मालकाचे चित्त ठिकाणावर राहिले नाही की तो हात आपोआप गळून पडतो. म्हणजे धडधाकट माणसाने सोय म्हणून दिलेला अधिकार, तो माणूस आडवा पडला, की नेमका तेव्हाच संपतो. छत्री उन्हाळ्यात वापरावी आणि पावसात मिटावी, असा हा प्रकार. इंग्लंड-अमेरिकेत मालकाची शुद्ध गेल्यावरही चालणारे मुखत्यारपत्र करता येते. आपल्याकडे असा सर्वसाधारण कायदा आजही नाही. बेशुद्ध माणसाच्या मिळकतीची व्यवस्था पाहायला पालक नेमून घ्यायचा तर उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. आमच्या जिल्ह्याला ती औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाची. पक्षाघाताच्या रोग्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला ही पायरी फार उंच वाटते.

तेव्हा दादाने व्यवहारी तोड काढली. अंगठा.

एका दुपारी पैशांच्या कागदावर अण्णांचा डावा अंगठा घेतला. साक्षीला गावचे दोघे होते. कोणी लबाडी केली नाही. पैसे औषधांनाच गेले, पै न् पै. पण चाळीस वर्षे मुलांना अक्षर वळवायला शिकवलेल्या माणसाचा अंगठा शाईच्या डबीत मीच दाबला. त्यांना ते कळले की नाही, कोण जाणे. कळले नसेल असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते डाव्या हाताचा अंगठा चादरीला घासत होते. आक्काने ओले फडके आणून शाई पुसली, तरी घासतच होते.

2001 साली अण्णा गेले. तीन वर्षे त्यांचे सर्व काही आक्कानेच केले, हे सांगायला नको. तलाठ्याकडे वारसांची नोंद झाली. सातबाऱ्यावर तिघांची नावे लागली. 1956 च्या कायद्याने स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिलेला आहे. म्हणजे अण्णांनी कागद केला नसला तरी कायदा आक्काला विसरला नव्हता. विसरलो आम्ही. दादा म्हणाला, सोसायटीचे कर्ज काढायचे तर इतक्या नावांची अडचण होते; आक्काला कुठे काय कमी आहे; बहिणीने हक्कसोड द्यायची रीतच आहे. आणि आहेच ती रीत. आपल्याकडे किती बहिणींनी माहेरची वाट मोकळी राहावी म्हणून आपल्या जमिनीवर सही करून पाणी सोडले असेल, त्याचे मोजमाप एखाद्या दुय्यम निबंधकाच्या कपाटांतच सापडावे.

नेवाशाच्या कचेरीत साहेबांनी आक्काला विचारले, "बाई, राजीखुषीने देता ना?" आक्काने माझ्याकडे पाहिले. अण्णांचा शब्द मी ऐकला आहे हे तिला ठाऊक होते. मीच तिला ते सांगितले होते. मी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहत होतो. त्या दिवशी कोणती तिथी होती ते मला अजून आठवते; बाकी काही बोललो नाही. आक्काने सही केली.

पुढच्या वाटणीत विहिरीकडचा तुकडा आणि मागची खोली माझ्या नावावर आली. आक्का त्याच खोलीत राहिली, विहिरीवरच्या भाजीचा वानवळा दर आठवड्याला एस. टी.तून नगरला येत राहिला, भाऊबीज चालू राहिली. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच बिघडलेले दिसले नसते.

आमचा जिल्हा या बाबतीत मोठा बोलका आहे. भिंगार आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तिथे 1707 साली औरंगजेब मेला. अर्ध्या जगाला कागदावर नाचवणारा हा बादशहा. त्याच्या उशाखाली मुलांत राज्य वाटून देणारा एक कागद सापडला असे सांगतात. त्याच वर्षी जूनमध्ये आग्र्याजवळ जाजऊला भाऊ भावावर चालून गेला आणि आझम पडला. दीड-दोन वर्षांत हैदराबादकडे कामबक्षही पडला. तेव्हा नुसता कागद असून भागत नाही. तो मानायला लावणारे काहीतरी वर असावे लागते.

आणि नुसता शब्द असूनही भागत नाही. शिर्डी याच जिल्ह्यातली. 15 ऑक्टोबर 1918 च्या दसऱ्याला साईबाबांनी देह ठेवला. जाण्यापूर्वी लक्ष्मीबाई शिंद्यांच्या हातावर त्यांनी नऊ रुपये ठेवले. ते देणे इतके स्वच्छ की त्यावर कधी वाद झाला नाही. पण आपल्याला बुट्टींच्या वाड्यात न्या, असे ते बोलल्यावरही देह कुठे ठेवावा यावरून गावात दोन तट पडले, छत्तीस तास वाद चालला आणि कोपरगावच्या मामलेदारांना यावे लागले. संस्थानची घडी बसवायला पुढे 1922 साली नगरच्या जिल्हा न्यायालयाने योजना घालून दिली. फकिरालाही शेवटी कागद चुकला नाही. मग आम्ही तर सहा एकरवाले.

असो. मी मृत्युपत्र करायचे ठरवले तेव्हा मला वाटले होते की स्टँपपेपर, शिक्के, फार मोठे प्रकरण असेल. तसे काही नाही. साधा कोरा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही. सही करताना दोन साक्षीदारांनी ती पाहावी आणि आपल्याही सह्या कराव्यात, एवढे 1925 च्या वारसा कायद्याला पुरते. साक्षीदार असे निवडावेत की ज्यांना त्या कागदातून काही मिळणार नाही आणि जे आपल्यापेक्षा तरुण आहेत. माझे पहिले दोन उमेदवार माझ्याबरोबरच निवृत्त झालेले होते, वकील हसले. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. हवे तर बंद पाकिटात जिल्हा निबंधकांकडे ठेवता येते. मन बदलले तर नवे करावे. शेवटचे असेल ते खरे. वय झालेले असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा, म्हणजे पुढे कोणी 'त्यांना समजत नव्हते' म्हणायला नको.

मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "बँकेत सगळीकडे नॉमिनी लावलेला आहे, तेव्हा ते काम झालेच." वकील म्हणाले, नाही झाले. नॉमिनी हा मालक नव्हे. तो पैसे हातात घेणारा विश्वस्त. खरे वारस कोण ते मृत्युपत्र किंवा कायदा ठरवतो. हा वाद ज्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 14 डिसेंबर 2023 ला निकाली निघाला, तो निघाला होता कालनिर्णयकार जयंतराव साळगावकर यांच्या पश्चात. घराघरांत मुहूर्त पोचवणाऱ्या त्या गृहस्थांनी तर मृत्युपत्र 2011 सालीच करून ठेवले होते! मला त्या कचेरीतली भिंत आठवली आणि मी विषय बदलला.

पण खरी मेख पुढेच होती. मृत्युपत्र बोलते ते मी मेल्यावर. मी अण्णांसारखा नुसता आडवा पडलो तर तीन काय, दहा वर्षे ते कपाटात गप्प बसेल. आणि तोवर एक्याऐंशी वर्षांची आक्का माझ्या नावाच्या खोलीत माझ्या मुलांच्या मर्जीवर. मुले माझी चांगली आहेत. आम्हीही चांगलेच होतो.

म्हणून ठरवले, विहिरीकडच्या तीस गुंठ्यांचे मृत्युपत्रात लिहावे आणि खोलीचे बक्षीसपत्र आत्ताच करून टाकावे. बक्षीसपत्राला नोंदणी लागते आणि घेणाराने ते हयातीत स्वीकारावे लागते. म्हणजे आक्काला पुन्हा नेवाशाच्या कचेरीत न्यावे लागणार.

भाऊबीजेला गेलो. तिने ओवाळले. तबकात नोट टाकली आणि जे चोवीस वर्षे बोललो नव्हतो ते एका दमात बोलून टाकले. आक्का निरांजनाची वात सारखी करीत ऐकत होती.

"मला आता खोलीचा काय उपयोग?" ती म्हणाली. "पण दे. तुला बरे वाटेल." मग थोड्या वेळाने, चिवड्याचा डबा पुढे सरकवीत, "एक दुसरा कागद मात्र माझा कर. अण्णांना शेवटी नाकात नळी घातली होती ना, तशी मला घालायची नाही. माझे मला कळेनासे झाले तर मला घरीच राहू द्या म्हणावे. असा कागद होतो का?"

होतो. 2018 पासून होतो. के. ई. एम.मधल्या अरुणा शानभाग या परिचारिकेचे नाव आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. 1973 च्या त्या रात्रीनंतर 2015 पर्यंत ती अंथरुणावर होती. तिच्यासाठी केलेल्या अर्जावर 2011 मध्ये या प्रश्नाला न्यायालयात तोंड फुटले, आणि 9 मार्च 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, बरे होण्याची आशा नसताना केवळ यंत्रांनी जीव धरून ठेवणारे उपचार नकोत, असे माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवू शकतो. आधी त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे. 24 जानेवारी 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. एक प्रत आपल्या डॉक्टरांकडे द्यावी, एक नगरपालिकेने किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. वेळ आली म्हणजे डॉक्टरांची दोन मंडळे पाहणी करतात आणि मगच निर्णय होतो. म्हणजे घाईने कोणाची नळी कोणी काढत नाही. आणि आपल्या वतीने बोलायला जवळच्या माणसांची नावे त्यात घालायची असतात.

आक्काला मी हे सगळे सांगितले. शानभागबाईंचे ऐकून ती "अगं बाई" एवढेच म्हणाली आणि उठून आत गेली.

मार्गशीर्षात आम्ही नेवाशाला गेलो. कचेरी तीच, माणसे सगळी नवी. आता तिथे कॅमेऱ्यापुढे बसवून फोटो काढतात आणि यंत्राच्या काचेवर अंगठा ठेवायला सांगतात, पदवीधर असो की निरक्षर. माझाही घेतला, आक्काचाही घेतला. शाई नाही, डाग नाही; तरी आक्काने अंगठा पदराला पुसला, आणि पुसतापुसता माझ्याकडे पाहिले. टेबलामागच्या मुलीने विचारले, "आजी, मान्य आहे ना?"

"मान्य आहे," आक्का मोठ्याने म्हणाली.

बाहेर येऊन उसाचा रस घेतला. स्टँडवरच्या बाकावर बसून मी तिच्या दुसऱ्या कागदाचा मसुदा पिशवीतून काढला. सगळे लिहून झाले होते, फक्त नावांची जागा कोरी होती. "तुझ्या वतीने डॉक्टरांशी बोलायला माणसे लागतात," मी म्हणालो. "पहिले माझे नाव घालतो."

"तुझे नको," आक्का म्हणाली. "तू ऐन वेळी भिंतीकडे बघत बसतोस. धाकटीचे घाल."

मी पेन काढले आणि सौ.चे नाव घातले. दुसरे नाव आक्काने दादाच्या सुनेचे सांगितले. तेवढ्यात नगरची गाडी लागली.